दोन बेडरूमचे घर, सोळा माणसे, तीन दिवस: मे महिन्यातल्या कुटुंबमेळ्याची तयारी कोणत्या क्रमाने करावी

१ मे शनिवार-रविवारला जोडून आला, जसा तो २०२६ मध्ये शुक्रवारी येतो, की ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक घरांत गावाकडची, पुण्या-नाशिकची आणि उपनगरांतली सगळी मंडळी एकत्र जमण्याचा बेत ठरतो. बेत ठरला की बहुतेक घरांत पहिली चर्चा सुरू होते ती जेवणात काय करायचे याची, आणि तिथेच क्रम चुकतो. माणसे किती, त्यांना पाणी किती लागेल आणि ती झोपतील कुठे हे तीन प्रश्न आधी सुटल्याशिवाय जेवणाचा बेत ठरवला, तर आमरस उत्तम होतो, पण सकाळी दहा वाजता नळ कोरडा पडतो आणि रात्री आजींना हॉलमध्ये जमिनीवर झोपावे लागते.

खाली दिलेला क्रम आमच्या घोडबंदर रस्त्यावरच्या घरात, दरवर्षी चुका सुधारत, पक्का झालेला आहे. पहिल्या वर्षी आमच्या आत्या तीन दिवस राहून गेल्या आणि त्यांच्याशी माझे जे काही बोलणे झाले ते ओट्यापाशी उभ्या-उभ्या, तेही फोडणी करपू नये म्हणून मान वळवून. ती गोष्ट मनाला लागली, आणि म्हणूनच या सगळ्या तयारीची एक कसोटी मी ठरवून ठेवली आहे: यजमान घरातल्या बाईला दुपारी दीड ते चार या वेळेत पाहुण्यांमध्ये बसता आले पाहिजे. जी तयारी एवढे साधत नाही ती अपुरी समजावी.

टप्पा १: माणसे मोजणे (तीन आठवडे आधी)

"आम्ही येतोय" एवढ्या निरोपावर विसंबू नये. प्रत्येक कुटुंबाला वेगळा फोन करून चार गोष्टी विचाराव्यात आणि त्या वहीत लिहाव्यात: किती जण येणार, कोणत्या दिवशी कोणत्या वेळी पोहोचणार, कधी निघणार, आणि कोणाला पथ्य, औषध किंवा जिना-पायऱ्यांची अडचण आहे का. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर हेच विचारले, तर पाच जण अंगठा दाखवतात आणि माहिती कोणाचीच मिळत नाही, हा माझा अनुभव आहे.

लांबून रेल्वेने येणाऱ्यांचे आरक्षण हा वेगळा विषय आहे. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे कोकणातून किंवा विदर्भातून येणाऱ्यांना मार्चच्या सुरुवातीलाच तारीख कळवावी लागते. तीन आठवडे आधी कळवल्यास उन्हाळी सुट्टीत जागा मिळण्याची आशा फारच थोडी उरते.

माणसे मोजताना मुक्कामी आणि केवळ दिवसापुरती येणारी अशा दोन वेगळ्या याद्या कराव्यात. डोंबिवलीचे मामा जेवून संध्याकाळी परत जाणार असतील, तर ते जेवणाच्या हिशेबात येतात, पण आंघोळीच्या आणि अंथरुणाच्या हिशेबात येत नाहीत. हे दोन आकडे एकत्र झाले की पुढचा प्रत्येक हिशेब फुगतो.

*तपासणी:* वहीत प्रत्येक रात्रीपुढे मुक्कामी माणसांचा आणि प्रत्येक जेवणापुढे पानांचा आकडा लिहिलेला असावा. जिथे आकडा नाही, तिथे पुन्हा फोन करावा.

टप्पा २: पाणी (दोन आठवडे आधी)

या टप्प्यावर सर्वाधिक वेळ द्यावा, कारण सर्वाधिक फजिती इथेच होते.

शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले जाते. चार माणसांच्या घराला त्या मानाने ५४० लिटर लागतात. सोळा माणसांना २,१६० लिटर लागतील. मे महिन्यात सोसायटीची टाकी आधीच खाली असते, दुरुस्तीच्या कामासाठी एखाद्या दिवशी पुरवठा बंद राहतो, आणि त्याच सुट्टीत तुमच्या विंगमधल्या आणखी चार घरांतही पाहुणे आलेले असतात. आमच्या दुसऱ्या वर्षी शनिवारी सकाळी सात माणसांच्या आंघोळी झाल्यावर नळातून फुसफुस आवाज येऊ लागला, आठवी व्यक्ती डोक्याला साबण लावून बाथरूममध्ये अडकली आणि मागवलेला टँकर दुपारी तीनला आला. त्या दिवशी शेजारच्या काकूंनी दोन कळश्या पाणी दिले नसते, तर जेवणाची भांडीही घासता आली नसती.

म्हणून क्रमाने पुढील गोष्टी कराव्यात. सोसायटीच्या सचिवांना भेटून किंवा लेखी कळवून त्या तीन दिवसांत किती माणसे येणार ते सांगावे आणि पाणी सोडण्याच्या वेळा नेमक्या विचारून घ्याव्यात. महापालिकेच्या किंवा पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेच्या पाणीबंदीच्या सूचना आदल्या आठवड्यात वृत्तपत्रात आणि सोसायटीच्या फलकावर पाहाव्यात. २०० लिटरचे एक झाकणाचे पिंप घरात आणून बाथरूमजवळ ठेवावे आणि गुरुवारी रात्री ते भरून घ्यावे. पिण्याचे पाणी मात्र पूर्णपणे वेगळे, झाकलेल्या भांड्यात, डावाने काढता येईल असे ठेवावे. ग्लास बुडवून पाणी घेण्याची सवय लहान मुलांना पहिल्याच तासात मोडावी.

आंघोळीसाठी शॉवर बंद ठेवून बादली आणि तांब्या ठेवावा. एका बादलीत वीस लिटर धरले, तर सोळा आंघोळी ३२० लिटरमध्ये होतात, आणि शॉवरखाली त्याच आंघोळींना किती पाणी जाईल याचा अंदाजच लागत नाही.

*इशारा:* गच्चीवरच्या टाकीतले पाणी मे महिन्यात दुपारपर्यंत चांगलेच तापते आणि नळाला थेट गरम येते. लहान मुलांच्या आंघोळी सकाळी लवकर उरकाव्यात. दुपारी हात धुतानाही आधी थोडे पाणी बादलीत सोडून हाताने पाहावे.

विजेचे थोडक्यात सांगते. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो पाहावा. दोन एसी, मायक्रोवेव्ह आणि इस्त्री एकाच वेळी चालू केल्यास अनेक घरांत मेन स्विच पडतो आणि तो रात्री अकरा वाजता अंधारात शोधावा लागतो. घरातल्या दोन मोठ्यांना तो कुठे आहे हे आधीच दाखवून ठेवावे.

टप्पा ३: झोपण्याची जागा (दहा दिवस आधी)

कागदावर घराचा साधा आराखडा काढावा आणि त्यावर प्रत्येक माणसाची जागा पेन्सिलने लिहावी. हे पोरकट वाटते, पण हॉलमध्ये एका ओळीत किती गाद्या मावतात हे डोळ्यांनी ठरवताना प्रत्येक जण एक तरी गादी जास्त धरतो. साधी एकेरी गादी अडीच ते तीन फूट रुंद असते. दहा फूट रुंदीच्या हॉलमध्ये तीनच गाद्या टाकाव्यात, म्हणजे रात्री उठणाऱ्याला पाय ठेवायला वाट राहते.

जागा वाटण्याचा क्रम वयाने ठरवावा. ज्येष्ठांना पलंग आणि शौचालयाजवळची खोली द्यावी, तान्ह्या बाळाच्या आईला दार लावता येईल अशी खोली द्यावी, आणि तरुण मुलांना हॉल किंवा गॅलरी. घरातल्या माणसांनी आपला पलंग सोडण्याची तयारी मनाने आधीच करून ठेवावी. वाढत्या वयाच्या मुलामुलींना कपडे बदलण्यासाठी कोणती खोली कोणत्या वेळी मोकळी असेल हेही ठरवून ठेवावे, कारण त्या वयात ही अडचण कोणी बोलून दाखवत नाही.

गाद्या मंडप-डेकोरेटरकडे भाड्याने मिळतात. त्या बुधवारी संध्याकाळीच आणाव्यात, म्हणजे गुरुवारचे पूर्ण ऊन त्यांना गच्चीवर देता येते. आदल्या रात्री आणलेली, कोंदट वासाची गादी तशीच अंथरणे ही नेहमी होणारी चूक आहे. प्रत्येक गादीवर आपली स्वतःची धुतलेली चादर घालावी. डास हा ठाण्याच्या खाडीकडच्या आणि नवी मुंबईतल्या कांदळवनालगतच्या वस्त्यांत बारमाही विषय आहे; मच्छरदाण्या आणि खिडक्यांच्या जाळ्या याच वेळी तपासाव्यात.

टप्पा ४: आंबे (आठ दिवस आधी)

आंब्याचा टप्पा जेवणापासून मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण आंबा आपल्या वेळेने पिकतो आणि आपण आपल्या वेळेने ताट मांडतो. आमरसाचे जेवण शनिवारी दुपारी असेल, तर आंबा शनिवारीच तयार हवा. गुरुवारी तयार झालेला आंबा शनिवारपर्यंत डागाळतो आणि सोमवारी तयार होणारा आंबा आंबट रस देतो.

हिशेब असा करावा. सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅमच्या हापूसमधून साधारण वाटीभर रस निघतो. माणशी दोन वाट्या धरल्या, तर सोळा माणसांना बत्तीस आंबे लागतात. खराब निघणारे आणि चवीला घेतले जाणारे धरून साडेतीन डझन घ्यावेत, आणि शुक्रवारी रात्री फोडी करण्यासाठी आणखी एक डझन. असे एकूण साडेचार डझन होतात.

वाशीच्या घाऊक फळबाजारात पेटी मिळते आणि भावात फरक पडतो, पण तिथे पहाटे जाणे आणि पेटी उघडून पाहण्याची डोळस सवय असणे या दोन्हींची गरज असते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी ओळखीच्या विक्रेत्याकडून घ्यावे आणि "शनिवारी रस करायचा आहे" हे स्पष्ट सांगून, एक डझन तयारीचे आणि साडेतीन डझन कच्चे पण पूर्ण भरलेले असे दोन भाग मागावेत. रंग सगळीकडे एकसारखा पिवळा, पण देठाशी वास नाही आणि फळ कडक, असा आंबा घेऊ नये. बंदी असलेल्या कार्बाइडने पिकवलेल्या फळाची ती ओळख असू शकते.

घरी आणल्यावर पेटी तशीच बंद ठेवू नये. एका वर्षी मी पेटी स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीच्या बाजूला ठेवली आणि गुरुवारी रात्री उघडली, तेव्हा तळचा सगळा थर मऊ पडून रस पेंढ्यात झिरपला होता. तेव्हापासून आंबे घरातल्या सर्वांत थंड खोलीत, वर्तमानपत्रावर पेंढा पसरून, एकमेकांना न चिकटता एका थरात मांडते आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी एकेक फळ हातात घेऊन देठाशी वास घेते. वास घमघमू लागला, अंगठ्याला किंचित दबले आणि सालीवर बारीक सुरकुती आली की ते फळ तयार समजावे आणि फ्रिजमध्ये हलवावे. कच्चा आंबा फ्रिजमध्ये घालू नये, तो तिथे नीट पिकत नाही.

*तपासणी:* बुधवारी रात्री निम्म्याहून अधिक फळे हिरवी-कडक असतील, तर ती पेंढ्यासह खोक्यात झाकून थोड्या उबदार जागी ठेवावीत. निम्मी फळे त्याच रात्री तयार दिसली, तर आमरसाचे जेवण शुक्रवारवर आणावे. बेत फळाप्रमाणे बदलावा.

टप्पा ५: जेवणाचा बेत आणि खरेदी (पाच दिवस आधी)

तीन दिवसांत एकच जेवण मोठे ठेवावे. प्रत्येक जेवणाला गोड आणि तळण केले, तर उन्हाळ्यात पोट बिघडते आणि स्वयंपाकघर कोणाला सोडत नाही.

शुक्रवारी दुपारी मंडळी टप्प्याटप्प्याने येतात, म्हणून मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि ताक पुरते. माणशी सत्तर ग्रॅम तांदूळ धरून सव्वा किलो पुरेसे होतात, पण भात दोन घाण्यांत लावावा. शिजलेला भात मेच्या उकाड्यात दोन तासांहून अधिक वेळ ओट्यावर ठेवू नये. उशिरा येणाऱ्यांसाठी दुसरा घाणा ताजा लागतो.

शुक्रवारी रात्री डाळिंब्यांची उसळ, पोळ्या आणि आंब्याच्या फोडी. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून मागवाव्यात आणि त्यात कमीपणा मानू नये. पंचेचाळीस पोळ्या लाटण्यात यजमानीणबाईंची संध्याकाळ जाते. मात्र १ मेला अनेक केंद्रे बंद असतात, म्हणून बुधवारपूर्वीच विचारून पैसे देऊन ठेवावेत. वाल गुरुवारी सकाळीच मोड आलेले हाती असावेत, ते सोलण्याचे काम मात्र शुक्रवारी दुपारसाठी राखून ठेवावे. मोठी परात मधोमध ठेवून कोमट पाण्यातले वाल सोलायला सगळे बसले की आत्या, जावा, भाचरे सगळ्यांचे हात कामात आणि तोंड गप्पांत असते. चिमटीत दाबला की दाणा सालीतून सुटकन बाहेर येतो, त्याची लहान मुलांना फार गंमत वाटते, आणि किलोभर वाल अर्ध्या तासात सोलून होतात.

शनिवारी दुपारी आमरस-पुरी, बटाट्याची सुकी भाजी, कैरीची चटणी आणि कुरडया. माणशी सहा लहान पुऱ्या धरून दीड किलो कणीक पुरते. कणीक घट्ट भिजवावी आणि पुऱ्या पंगत बसल्यावरच तळाव्यात, पण तळणारी व्यक्ती दर पंगतीला बदलावी. रस सकाळी दहाच्या आत काढून, घट्ट झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. वाढण्याच्या वेळी त्यात चिमूटभर मीठ आणि वर साजूक तूप. त्या रात्री फक्त मुगाची खिचडी, ताक आणि भाजलेला पापड.

रविवारी सकाळी उपमा, दुपारी पिठले-भात आणि प्रवासाच्या डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या. उरलेला आमरस प्रवासात देऊ नये.

*इशारा:* फ्रिज दूध, रस आणि बाटल्यांनी गच्च भरला, तर आतली हवा खेळत नाही आणि काहीच नीट गार होत नाही. पाहुण्यांपैकी कोणाचे इन्सुलिन असेल, तर त्यासाठी मधल्या कप्प्यात नाव लिहिलेला वेगळा डबा ठेवावा. ते बर्फाच्या कप्प्याला टेकू देऊ नये, गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

गॅसची दुसरी टाकी भरलेली आहे ना, हे पाईपचा गॅस नसलेल्यांनी याच दिवशी पाहावे. ओआरएसची चार पाकिटे आणून ठेवावीत. ती नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ वाढवू नये.

टप्पा ६: येण्याचा दिवस

कोकणातून येणाऱ्या मांडवी आणि कोकणकन्या या गाड्या पनवेल आणि ठाणे दोन्हीकडे थांबतात. घर खारघर-कामोठ्याकडे असेल, तर पनवेललाच उतरायला सांगावे. ठाण्याला उतरून सामानासह ट्रान्स-हार्बरने परत येणे हा निष्कारण फेरा आहे. पुण्याहून गाडीने येणाऱ्यांनी बोरघाट सकाळी सातच्या आत ओलांडलेला बरा.

पोहोचल्यावर आधी पाणी आणि कोकम सरबत, मग प्रत्येकाला त्याची झोपण्याची जागा आणि कपडे टांगण्याची खुंटी दाखवावी, आणि त्यानंतरच जेवण. सामान हॉलमध्ये साचू दिले, तर तीन दिवस ते तिथेच राहते. गाड्यांचे क्रमांक वॉचमनकडे आदल्या दिवशी दिलेले असावेत, म्हणजे दारावर कोणाचा खोळंबा होत नाही.

टप्पा ७: बाहेर फिरणे

बाहेर एकदाच जावे, आणि तेही सकाळी दहाच्या आत परतून किंवा संध्याकाळी साडेपाचनंतर निघून. ज्येष्ठ बरोबर असतील, तर संध्याकाळी ठाण्यातली तलावपाळी उत्तम: कोपिनेश्वराचे दर्शन होते, मासुंदा तलावाच्या काठावर बसता येते आणि मुलांना नौकाविहार मिळतो. नवी मुंबईत नेरूळचे 'ज्वेल' उद्यान किंवा खारघरचे सेंट्रल पार्क सकाळच्या फेरफटक्याला सोयीचे आहे. मेअखेरपर्यंत ठाणे खाडीत रोहित पक्षी दिसू शकतात. ऐरोलीहून बोटीने जायचे असल्यास बोट भरती-ओहोटी पाहून सुटते, म्हणून वेळ आधी विचारून मगच सगळ्यांना उठवावे. खारघरच्या पांडवकड्याला मे महिन्यात पाणी नसते, तेव्हा धबधबा दाखवण्याचे वचन मुलांना देऊ नये.

*इशारा:* येऊरच्या किंवा तुर्भे-पावण्याच्या डोंगराकडच्या जुन्या दगडखाणींत साठलेले पाणी शांत दिसते, पण काठ एकदम खोल असतो. तिथे पोहायला कोणालाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही, जाऊ देऊ नये.

निघण्यापूर्वी कोणते मूल कोणत्या मोठ्या माणसाच्या ताब्यात आहे हे नावानिशी ठरवावे. "सगळ्यांचे लक्ष आहे" असे म्हटले, की लक्ष कोणाचेच नसते.

टप्पा ८: निघण्याचा दिवस

रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतो आणि त्याचे वेळापत्रक एक-दोन दिवस आधी जाहीर होते. शनिवारी संध्याकाळी ते पाहून लोकलने जाणाऱ्यांच्या वेळा ठरवाव्यात. ठाणे-वाशी मार्गावर ब्लॉक असेल, तर दुपारी ओळखीचा रिक्षावाला आधी सांगून ठेवावा.

जेवणानंतर लगेच आवराआवर सुरू करू नये. दीड ते चार ही वेळ शेवटच्या दिवशीही मोकळी ठेवावी; खरे बोलणे बहुतेक वेळा त्याच दुपारी होते. चारला चहा, आणि चहानंतर प्रत्येक कुटुंबाने आपापल्या चादरी घडी करून एका बोचक्यात टाकाव्यात, आपल्या खोलीतले चार्जर, चष्मे, दातांची कवळी आणि औषधांच्या पट्ट्या शोधाव्यात. आमच्याकडे या वेळी धाकटा भाचा हातात यादी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो आणि एकेक नाव मोठ्याने वाचतो.

गाद्या सोमवारी सकाळी परत द्याव्यात, पिंपातले उरलेले पाणी झाडांना घालावे आणि पिंप उपडे करून सुकवावे, नाहीतर आठवड्याभरात त्यात डासांच्या अळ्या दिसतात. त्याच दिवशी वहीत खरे आकडे लिहावेत: किती पुऱ्या उरल्या, किती आंबे कमी पडले, पिंप किती वेळा भरले. आमच्या वहीत मागच्या वर्षापुढे "कणीक पाव किलो जास्त, ताक दोन लिटर कमी" अशी नोंद आहे, आणि या वर्षीच्या यादीत ताकापुढचा आकडा मी तेव्हाच बदलून ठेवला आहे.